कुंग फू पटांतील नायिका अलीकडच्या नव्हेत

प्रति,
मा. संपादक,

स. न. वि. वि.

आपल्या गेल्या रविवारच्या पुरवणीत कुंग फू चित्रपटांवर पानभर लेख आला आहे. तो मी चवीने वाचला, पण शेवटच्या स्तंभात एका विधानापाशी अडखळले. या चित्रपटांत स्त्रीला मध्यवर्ती स्थान मिळाले ते अगदी अलीकडे, तोवर तिचे काम खलनायकाच्या तावडीत सापडण्यापुरतेच होते, अशा आशयाचे ते विधान आहे आणि त्याच्या पुष्ट्यर्थ अभिनेत्री मिशेल योह यांना २०२३ मध्ये मिळालेल्या ऑस्करचा दाखला दिला आहे. पानावरची चारही छायाचित्रे पुरुषांची आहेत. ब्रूस ली आणि जॅकी चॅन यांच्याविषयी माझी काहीच तक्रार नाही, त्यांचे चित्रपट पाहतच आमची पिढी मोठी झाली. तथापि लेखातील हे विधान वस्तुस्थितीला धरून नाही, आणि छापून आलेली चूक पुढे खरी मानली जाते, म्हणून हे पत्र जरा विस्ताराने लिहीत आहे.

तलवार घेतलेली नायिका चिनी पडद्यावर मूकपटांच्या काळातच आली होती. १९२९ सालचा 'रेड हिरोइन' हा मूकपट आजही उपलब्ध आहे आणि त्याची नायिका, नावाप्रमाणेच, अन्यायाचा सूड घेणारी योद्धी आहे. आपल्याकडेही साधारण तोच काळ होता. १९३५ मध्ये वाडिया मूव्हीटोनच्या 'हंटरवाली'त नादिया चाबूक घेऊन उतरल्या आणि १९३६ मध्ये प्रभातच्या 'अमर ज्योती'त दुर्गाबाई खोटे यांनी समुद्रावर दहशत बसवणारी चाचेगिरीची राणी रंगवली. म्हणजे ज्याला आपला लेखक 'अलीकडचे' म्हणतो, ते माझ्या आजीच्या तरुणपणी मराठी दिग्दर्शकाने पुण्यात करून दाखवले होते.

आज आपण ज्याला हाँगकाँगचा मारधाडपट म्हणतो, त्याचे नवे पर्व ज्या चित्रपटांपासून मानले जाते त्यांत १९६६ चा 'कम ड्रिंक विथ मी' अग्रभागी आहे. शॉ ब्रदर्सची निर्मिती, किंग हू यांचे दिग्दर्शन आणि नायिका चेंग पेई-पेई. दरोडेखोरांनी पळवून नेलेल्या भावाला सोडवण्यासाठी निघालेली ही 'गोल्डन स्वॅलो' पुरुषी वेषात एका खानावळीत येऊन बसते. भोवतालची टेबले हळूहळू दरोडेखोरांनी भरत जातात, कुरापती काढल्या जातात, आणि ती जागची हलत नाही. मी आयुष्यभर शाळेत खेळ शिकवला, त्यामुळे मला या प्रसंगात तिच्या तलवारीपेक्षा तिच्या बसण्याचे कौतुक अधिक वाटते. पाठ ताठ आणि खांदे सैल ठेवून, नजर समोरच असताना ती बाजूच्या हालचालीचा अंदाज घेते. ज्यांनी कबड्डीत चढाईपूर्वीचा क्षण जवळून पाहिला आहे, त्यांना मी काय म्हणते ते कळेल. चेंग पेई-पेई बॅले शिकलेल्या होत्या, तेव्हा जेमतेम विशीच्या होत्या, आणि किंग हू यांनी त्यांच्या शरीरातला तो तोल आणि ताल ओळखून झुंजीची रचनाच नृत्यासारखी केली. थांबणे, ऐकणे, एकदम उसळणे, पुन्हा थांबणे. पुढे पन्नास वर्षे जगभरच्या दिग्दर्शकांनी जे उचलले ते हेच.

याच किंग हू यांच्या 'अ टच ऑफ झेन'ला १९७५ च्या कान महोत्सवात तांत्रिक कामगिरीचे पारितोषिक मिळाले. त्यातील वेळूच्या बनातील झुंज प्रसिद्ध आहे, तिच्याविषयी इतके लिहिले गेले आहे की मी भर घालत नाही. मला वेगळीच गोष्ट सांगायची आहे. श्यू फेंग यांनी साकारलेली ही नायिका वडिलांच्या हत्येनंतर परागंदा झालेली आहे, आणि तिला साथ देणारा नायक हातात शस्त्र धरू न शकणारा पुस्तकी विद्वान आहे. तिला त्याच्यापासून मूल होते, ते मूल ती त्याच्या स्वाधीन करते आणि मठाच्या वाटेने निघून जाते. तान्हे मूल कडेवर घेऊन उभा राहतो तो पुरुष. सत्तरच्या दशकाच्या आरंभी आपल्या हिंदी-मराठी पडद्यावर अशी अदलाबदल कोणी केली असती, तर चित्रपटगृहाच्या खुर्च्या शाबूत राहिल्या असत्या की नाही, कोण जाणे. याच श्यू फेंग पुढे निर्मात्या झाल्या आणि त्यांच्या 'फेअरवेल माय कॉन्क्युबाइन'ला १९९३ मध्ये कानचे सर्वोच्च पारितोषिक विभागून मिळाले.

मग आपल्या लेखकाची समजूत अशी का झाली असावी? मला वाटते, यात त्याचा दोष थोडा आहे आणि बाजाराचा पुष्कळ आहे. १९६७ मध्ये चँग चेह यांच्या 'वन-आर्म्ड स्वोर्ड्समन'ने हाँगकाँगमध्ये दहा लाख हाँगकाँग डॉलरचा गल्ला ओलांडला आणि तेथून उघड्या छातीच्या, रक्ताने न्हालेल्या मर्दानी वीरांची चलती सुरू झाली. पुढच्याच वर्षी याच दिग्दर्शकाने 'गोल्डन स्वॅलो' नावाचा चित्रपट काढला. नाव तिचे, अभिनेत्री तीच चेंग पेई-पेई, पण कथेचा सारा भार गेला पुरुष तलवारबाजाकडे, आणि जिच्या नावाने तिकिटे खपली ती स्वतःच्या चित्रपटात बाजूला उभी राहिली. १९७१ पासून ब्रूस ली यांचे चित्रपट येऊ लागले, १९७३ मध्ये त्यांचे अकाली निधन झाले, आणि जगभर कुंग फू म्हटले की एकच चेहरा डोळ्यांसमोर येऊ लागला.

गंमत अशी की ब्रूस ली तरुणपणी आपले गुरू इप मॅन यांच्याकडे जी विंग चुन पद्धत शिकले, तिच्या परंपरेत मूळ गुरू म्हणून एका बौद्ध भिक्खुणीचे, एन्ग मुईचे, नाव घेतले जाते आणि पद्धतीला मिळालेले नाव तिच्या शिष्येचे, यिम विंग-चुनचे, असे सांगतात. ही दंतकथा आहे, इतिहास म्हणून मी ती पुढे करत नाही. पण ज्या समाजाने आपल्या एका युद्धकलेचा उगम सांगताना दोन बायकांची गोष्ट रचली, त्याच्या चित्रपटांत बाई अलीकडे आली असे म्हणणे धाडसाचे आहे.

आता थोडे घरचे सांगते. आमची खोली गिरणीच्या चाळीत होती. वडील गिरणीत, आई विड्या वळायची. ऐंशीच्या दशकात चाळीतली मंडळी वर्गणी काढून एका रात्रीपुरता व्हीसीआर आणि रंगीत टीव्ही भाड्याने आणत आणि पहाटेपर्यंत तीन-चार कॅसेटी संपवत. व्हिडिओ पार्लरमध्ये मुलींनी जाण्याची सोय नव्हती, त्यामुळे आम्हा मुलींना हाणामारीचे चित्रपट दिसले ते असे, व्हरांड्यात, पोत्यावर बसून. एकदा दोन हिंदी चित्रपटांनंतर जी कॅसेट लागली तिच्यावर बॉलपेनने फक्त 'कराटे २' असे लिहिले होते. पुरुष मंडळी निम्मी झोपली होती. आणि पडद्यावर एक बाई आली, एका लांब वेणीची, अंगाने बेताची, आणि एका आखाड्यातल्या सगळ्या दांडग्यांना एकटीने पुरून उरली. आई मांडीवर सूप घेऊन विड्या वळत बसली होती. पान घेणे, तंबाखू भरणे, वळणे, दोरा गुंडाळणे, हे सारे तिच्या बोटांना न बघता येत असे. तेवढा वेळ तिची बोटे थांबली. मी तोंड उघडे टाकून त्या बाईच्या ठोशांकडे पाहत होते, तेव्हा आई म्हणाली, "हातावर काय बघतीस, पाय कुठं ठेवती ते बघ की."

ती अभिनेत्री अँजेला माओ होती आणि तो चित्रपट होता १९७२ चा 'हापकिडो', हे मला कळायला पुढे कित्येक वर्षे लागली. कोरियात हापकिडो शिकून चीनमध्ये परतलेले तीन शिष्य आपला आखाडा उघडतात आणि शेजारचा जपानी आखाडा त्यांना जगू देत नाही, अशी ती कथा आहे. गुरूने संयमाची आज्ञा दिलेली असते, ती अँजेला माओ इतकी दीर्घकाळ पाळतात की अखेरीस त्यांचा पाय उचलला जातो तेव्हा प्रेक्षकाचाच श्वास मोकळा होतो. अमेरिकेत हा चित्रपट 'लेडी कुंग फू' या नावाने दाखवला गेला. आमच्या चाळीत त्याचे 'कराटे २' झाले. दोन्हीकडे नावाचे जे व्हायचे ते झाले.

आईचे म्हणणे किती नेमके होते, हे मला शारीरिक शिक्षणाचा अभ्यासक्रम करताना उमगले. अँजेला माओ यांचा जन्म तैवानमधला, १९५० चा. लहानपणीच त्यांना चिनी संगीत नाट्याच्या, म्हणजे ज्याला पेकिंग ऑपेरा म्हणतात त्याच्या, शाळेत घातले गेले. तेथे कोलांट्या, भाला-तलवार, एका पायावर तोल राखणे आणि गाणे हे सारे एकाच वेळी शिकवतात. या रंगभूमीवर 'वूदान' म्हणून युद्धनिपुण स्त्रीची एक स्वतंत्र भूमिकाच ठरलेली आहे. पूर्वी स्त्रीभूमिका पुरुष करत. आपल्याकडे बालगंधर्व होते, तसे तिकडे मेई लानफांग, दोघे जवळजवळ समकालीन. फरक इतकाच की आपल्या संगीत नाटकातली नायिका शालू नेसून पदे गाई आणि तिकडची गाता गाता तलवारीही फिरवी. पुढे मुलींना त्या शाळांतून प्रवेश मिळाला आणि ती भूमिका खऱ्या बायकांच्या अंगात भिनली. हाँगकाँगच्या स्टुडिओंना ही तयार शरीरे आयती मिळाली. आमच्याकडे दोरीच्या मल्लखांबावर तयार झालेल्या मुलींची कमरेतली लवचीकता आणि बोटांची पकड ज्याने पाहिली आहे, त्याला अँजेला माओ यांच्या उडीत कॅमेऱ्याची करामत किती आणि बाईची किती, हे वेगळे सांगावे लागणार नाही.

'एंटर द ड्रॅगन'मध्येही त्या आहेत. ब्रूस ली यांच्या बहिणीची ती छोटी भूमिका, पाठलाग करणाऱ्या टोळीला गल्लीबोळांतून झुंजवत नेणारी आणि कोंडीत सापडल्यावर शत्रूच्या हाती न लागता काचेच्या तुकड्याने स्वतःचा शेवट करणारी. काही मिनिटांचाच प्रसंग आहे, पण पुढच्या साऱ्या सूडाला कारण तोच आहे. आपल्या पुरवणीत या चित्रपटाला दोन परिच्छेद दिले आहेत, आणि तेथे या प्रसंगाचा उल्लेख 'बहिणीचा मृत्यू' या दोन शब्दांत उरकला आहे. ती मरण्यापूर्वी किती जणांना लोळवते, हेही लिहायला हवे होते.

लेखात कारा हुई यांचे नाव कोठेच नाही, याचे मला विशेष वाईट वाटले. १९८१ चा 'माय यंग आंटी' हा चित्रपट मराठी माणसाने पाहावाच असा आहे, कारण त्यातला सगळा विनोद नात्यागोत्याचा आहे. एका वृद्ध गृहस्थाची मालमत्ता त्याच्या लोभी भावाच्या घशात जाऊ नये म्हणून एक तरुण मुलगी त्याच्याशी लग्न करते, तो वारतो, आणि कागदपत्रे घेऊन ती त्याच्या पुतण्याकडे येते. पुतण्या पिकल्या वयाचा, काकू विशीतली. नात्याचा मान म्हणून म्हाताऱ्याला तिच्यापुढे वाकावे लागते आणि तिलाही वडीलकीचा आब राखावा लागतो. आपल्याकडे एकत्र कुटुंबांत मामापेक्षा भाचा मोठा असल्याची उदाहरणे काही कमी नाहीत, त्यामुळे हा पेच समजावून सांगावा लागत नाही. त्यात शहरी फॅशनचा अंगाला घट्ट बसणारा पोशाख आणि उंच टाचांचे बूट घालून ती रस्त्यावरच्या टवाळांशी लढते तो प्रसंग मी आमच्या शाळेतल्या मुलींना मुद्दाम दाखवला होता. टाच उंच असली की शरीराचा भार पुढे सरकतो, आणि तरीही लाथ मारून पाय जागेवर आणणे ही साधी गोष्ट नाही. दिग्दर्शक लाउ कार-लिउंग स्वतः परंपरेने कुंग फू शिकलेल्या घरातले, त्यामुळे त्यांच्या चित्रपटांत हात-पाय खोटे बोलत नाहीत. हाँगकाँग चित्रपट पुरस्कारांचा पहिला सोहळा १९८२ मध्ये झाला, आणि उत्कृष्ट अभिनेत्रीचा पहिलावहिला पुरस्कार या भूमिकेसाठी कारा हुई यांना मिळाला. कुंग फूच्या भूमिकेसाठी, हे लक्षात घ्यावे.

मिशेल योह यांच्याविषयी आपला लेख भरभरून बोलतो, पण ऑस्करपासून सुरुवात करतो. त्यांचा 'यस, मॅडम' १९८५ चा. त्याही बॅलेच्याच, पाठीच्या दुखापतीमुळे तो मार्ग सुटला आणि मारधाडीचा सापडला. १९९२ मध्ये 'पोलीस स्टोरी ३'साठी मोटारसायकल चालवायला शिकून त्यांनी ती थेट धावत्या आगगाडीवर उडवली. तरी मला त्यांचे अधिक आवडते काम १९९४ च्या 'विंग चुन'मधले आहे. आव्हान द्यायला आलेला एक पहिलवान टोफूची, म्हणजे सोयाबीनच्या दुधापासून केलेल्या पनीरासारख्या पदार्थाची, मोठी वडी फोडायला निघतो, आणि मिशेल योह त्याचे सगळे वार परतवत ती वडी अखंड ठेवतात. येथे जोर दाखवायचा नसतो, आवरायचा असतो. विद्यार्थ्यांना हे शिकवायला आम्हाला वर्षे लागतात.

२००० सालच्या 'क्राउचिंग टायगर, हिडन ड्रॅगन'चा आपल्या लेखात केवळ चार ऑस्करपुरता उल्लेख आहे. या चित्रपटात चेंग पेई-पेई पुन्हा दिसतात, चौतीस वर्षांनी, आणि या वेळी खलनायिका म्हणून. या जेड फॉक्सची तक्रार काय, तर वुदांग या तलवारविद्येच्या पंथातल्या गुरूने तिला शय्येवर घेतले, पण विद्या दिली नाही. म्हणून तिने ग्रंथ चोरला. पण तिला त्यातल्या आकृत्याच कळतात, मजकूर कळत नाही, आणि तो वाचू शकणारी तिची शिष्या गुपचूप तिच्या पुढे निघून जाते. १९६६ ची विजयी नायिका आणि २००० ची ही कडवट म्हातारी यांच्यामध्ये काय काय घडले असेल, याचा विचार करत मी चित्रपट संपल्यावर बराच वेळ बसून होते. एका शाळेत मी मुलींसाठी लाठी आणि कराटेचा वर्ग मागितला होता, तेव्हा व्यवस्थापनातील एका सद्गृहस्थांनी "मुलींना लेझीम आहे की" असे उत्तर दिले होते. लेझीम मला प्रियच आहे, पण जेड फॉक्सचा राग मला त्या दिवसापासून थोडा अधिक कळतो.

हे सर्व चित्रपट निर्दोष आहेत असा माझा दावा नाही. नायिकेने पुरुषी वेष घेतला की इतरांना ती बाई आहे हे ओळखूच येत नाही, ही सोय फार वेळा वापरली आहे. शस्त्र उचलण्यासाठी तिला बहुधा वडिलांचा किंवा भावाचा खून व्हावा लागतो, स्वतःच्या हौसेने लढणारी नायिका विरळा. निर्माते आणि दिग्दर्शक जवळजवळ सगळे पुरुष. काही चित्रपटांतील विनोद आज ऐकवत नाही. परंतु ही नायिका कथेच्या मध्यभागी उभी होती आणि तिच्या नावावर लोक तिकीट काढत होते, हे नाकारता येत नाही. आणि बाईने केलेली हाणामारी आपल्या प्रेक्षकाला रुचत नाही, हेही मला मान्य नाही. आमच्या सोलापूरच्या पूर्व भागात तेलुगू चित्रपटांना जी गर्दी होते, ती ज्यांनी पाहिली आहे त्यांना विजयशांती हे नाव सांगावे लागत नाही. १९९० च्या 'कर्तव्यम'मधील पोलीस अधिकाऱ्याच्या भूमिकेसाठी त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला होता.

माझी विनंती दोन गोष्टींची आहे. एक, पुरवणीच्या पुढील अंकात सदर विधान दुरुस्त करावे. दुसरी, शहरातील चित्रपटप्रेमी मंडळींनी यांतील निदान दोन चित्रपट मूळ चिनी ध्वनीसह आणि उपशीर्षकांसह सोलापुरात दाखवावेत, घशातून ओरडणाऱ्या त्या इंग्रजी आवाजांत नकोत. चीनशी या शहराचे नाते डॉ. द्वारकानाथ कोटणीसांपासूनचे आहे, तेव्हा हा विषय सोलापूरला परका वाटण्याचे कारण नाही. खेळ दुपारचा ठेवला तर विडी आणि यंत्रमाग कामगार बायकांना येता येणार नाही, तो सुट्टीच्या दिवशी संध्याकाळी ठेवावा.

दुरुस्तीबरोबर चेंग पेई-पेई किंवा अँजेला माओ यांचे छायाचित्र छापणार असाल, तर कृपया पूर्णाकृती छापावे. जागेअभावी कमरेपासून खाली कापू नये. पाय दिसले पाहिजेत.

कळावे,
आपली विश्वासू,
एक निवृत्त क्रीडाशिक्षिका,
सोलापूर